रफिकच्या पायाचा हेवा

दिनांक नऊ डिसेंबर. रक्कम बारा हजार रुपये. ठिकाण, सेलूतलं रफिकचं घर. हजर: दोन उशांवर प्लास्टरचा उजवा पाय ठेवून बसलेला रफिक, त्याची बायको, आमच्या ॲम्ब्युलन्सवरच्या डॉक्टर मॅडम, इतर सहा ड्रायव्हर आणि मी. पैसे मी दिले, कारण आमच्या मदत निधीचा खजिनदार मी आहे. नोटा दोनदा मोजल्या, रफिकची सही घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकाने फोटो काढला.

त्या फोटोत मी हसतोय. त्या वेळी माझ्या मनात एकच वाक्य चालू होतं: हा पाय माझा मोडायला पाहिजे होता.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. घर वालूरला, नोकरी देवगाव फाट्याजवळच्या ॲम्ब्युलन्सवर. सरकारी कागदावर आम्हाला पायलट म्हणतात, बाकी सगळे ड्रायव्हरच म्हणतात. घरी बायको सुमन. दोन मुलं शिकायला बाहेरगावी. अकरा वर्षांत मी किती माणसं दवाखान्यात पोचवली, याची नोंद माझ्या वहीत आहे. आजारी मी कधी पडलो नव्हतो, आणि पडलो तेव्हा तो आजार आहे हे कळायलाच दोन महिने गेले. आमच्यासारखं काम करणाऱ्या कुणाला यातलं काही ओळखीचं वाटलं तर त्याचे दोन महिने वाचतील, म्हणून लिहितोय.

अकरा

नोव्हेंबरात कापूस वेचून परतणाऱ्या बायकांचा टेम्पो रस्त्याच्या कडेला उलटला. आमची गाडी पहिली पोचली. अशा जागी डॉक्टर जखमा बघतात आणि ड्रायव्हर माणसं मोजतो. आकडा तो सांगतो, आणि त्या आकड्यावरून मागे किती गाड्या लागतील ते ठरतं. मी मोजलं. शेतात फेकल्या गेलेल्या, रस्त्यावर बसलेल्या, एक झाडाला टेकलेली. अकरा. फोनवर अकरा सांगितलं. दोन गाड्या आल्या, अकराजणी दवाखान्यात गेल्या आणि त्या अकराही जगल्या.

क्रेनने टेम्पो उचलला तेव्हा कापसाच्या गाठोड्यांखाली बारावी सापडली.

मॅडमनी मला त्याच दिवशी सांगितलं, "नाना, टेम्पो उलटला तेव्हाच ती गेली. तुम्ही बारा मोजले असते तरी काही फरक पडला नसता." शवविच्छेदनातही तेच निघालं. मला ते पटलं, आजही पटतं. पण मी हिशोबाचा माणूस. चूक निरुपद्रवी होती म्हणून बेरीज बरोबर होत नाही.

त्यानंतर मी मोजायला लागलो. एसटीतली माणसं, लग्नातली पंगत, शाळेतून सुटलेली पोरं. एकदा मोजून समाधान व्हायचं नाही. परत मोजायचो, आणि दुसऱ्यांदा आकडा वेगळा आला की छातीत धडधड सुरू व्हायची. सुमन विचारायची, "अवो, काय पुटपुटायलाव?" मी म्हणायचो, काही नाही. जेवताना ताटातला घास तसाच राहायचा. झोप तुटकी झाली. गाडीचं मागचं दार उघडायला हात धजेना. सायरन मीच लावायचो आणि मलाच घाम फुटायचा.

त्याचा पाय

रफिक माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माझी पाळी संपली की गाडी तो घ्यायचा. टेम्पोच्या अपघातानंतर आठवड्याने गाडी आतून धुवायची पाळी माझी होती. मी पाइप हातात धरून मागच्या दारासमोर उभाच राहिलो. रफिक आला, म्हणाला, "राहू द्या नाना, मी मारतो पाणी." साबणाच्या पाण्याने तो पायरीवरून घसरला आणि नडगीचं हाड मोडलं.

म्हणजे माझं काम करताना तो पडला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही, साधारण दोन दिवस.

मग त्याच्याकडे माणसं यायला लागली. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. गेलं नाही तर लोक ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. पहिल्या पंधरा दिवसांत रफिककडे चौसष्ट माणसं आली. आकडा पक्का आहे, कारण मी रोज जाऊन बसत होतो. कुणी केळी आणायचं, कुणी बिस्किटं, कुणी नुसतीच चौकशी. रफिक प्रत्येकाला पडल्याची गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी ती पायरी बोटभर उंच व्हायची. केळी इतकी साठायची की मी निघताना त्याची बायको मलाच अर्धा डझन द्यायची. मी घ्यायचो. फाट्यावर येईपर्यंत रागारागाने खाऊन टाकायचो.

एक म्हातारे गृहस्थ रफिकच्या प्लास्टरवर हात फिरवत माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं बरं हाय बगा नाना. धडधाकट हाव." रफिक म्हणाला, "नाना म्हणजे लोखंड हाय चाचा, लोखंड." दोघं हसले. मला त्या दोघांना त्याच खाटेवरून खाली ढकलावंसं वाटलं.

माझ्याकडे आलेल्यांचा आकडा शून्य होता. कुणाला माहीतच नव्हतं, तर येणार कसं? हे मला तेव्हाही कळत होतं. हेव्याला कळण्याशी देणंघेणं नसतं.

हेवा एकट्या रफिकचाही नव्हता. टेम्पोच्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉक्टर मॅडम आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ठाण्यावर पोहे खात बसल्या होत्या. सव्वीस वर्षांची पोर, तीच जागा, तीच मेलेली बाई बघितलेली, आणि शेंगदाणे वेचून वेचून खात होती. मला चहा जात नव्हता. मनात म्हटलं, शिकलेल्या माणसाचं काळीज वेगळ्या मापाचं असतं. महिनाभर मी त्यांच्या डब्याकडे असाच बघत आलो.

रिपोर्ट नॉर्मल

डिसेंबर संपता संपता छातीत इतकं दुखलं की सुमनने मला परभणीला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखी तपासणी झाली. बाकावर शेजारी एक कापडाचे व्यापारी होते, दोन ब्लॉक निघालेले. दोन्ही मुलं त्यांच्या दोन बाजूंना, सून पाण्याची बाटली धरून उभी, भाऊ फोनवर नातेवाइकांना कळवत होता. मी त्या ब्लॉककडे आशेने बघत होतो असं लिहिलं तर लोकांना खोटं वाटेल, पण ते खरं आहे. निदान एक तरी ब्लॉक निघावा.

डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय ठणठणीत आहे."

मी म्हणालो, "परत एकदा बघा."

बाहेर आल्यावर सुमन चिडली. "चांगलं निघालंय तर तोंड कामून पाडलंय? लोक देवाला नारळ फोडतेत, अन् तुमी सुतकात बसल्यासारखे."

तेवढ्यात डॉक्टरांनी परत आत बोलावलं आणि विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. झोप, भूक, मोजणं, सायरन, एकेक विचारत गेले. मी बारावीबद्दल पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. सुमन शेजारी बसलेली होती. तिनेही ते तेव्हाच ऐकलं. ते म्हणाले, "हा आजार आहे. मोठा अपघात डोळ्यांनी बघितला की असं होतं. तुमच्या कामातल्या लोकांना तर होतंच, फक्त कुणी सांगत नाही." सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या विभागासाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

सुमनने चिठ्ठी वाचली, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये सगळ्यात आत ठेवली. बसमध्ये सेलू येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली: "गावात पित्त सांगायचं."

गुरुवार

दर गुरुवारी सात वाजता घर सोडायचं. केसपेपरची रांग, मग लांबलचक बाक, मग डॉक्टर, मग औषधाची खिडकी, मग समुपदेशकाची खोली. पहिल्या गुरुवारी बाकावर एकतीस माणसं होती. मी तोंडाला रुमाल बांधून बसलो. अकरा वर्षं मी याच दवाखान्याच्या दारात मोठ्या रुबाबात गाडी लावलेली. दारावरचा रखवालदार मला नावाने ओळखतो. त्याने विचारलं, "नाना, आज पेशंट कुठंय?" मी म्हणालो, "गाडीत हाय." गाडी नव्हती. पुढच्या गुरुवारपासून तो मला मागच्या जिन्याने वर सोडायला लागला, न विचारता. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

भीती एकच होती. आमची नोकरी करारावर. डोक्याचा पेशंट आहे असं वर कळलं तर स्टेअरिंग काढून घेतील. पोराची फी, पोरीची मेस, घराचा हप्ता, सगळं त्या स्टेअरिंगवर. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही, आणि दर गुरुवारची रजा कधी पित्ताच्या, कधी शेतीच्या नावावर टाकली.

समुपदेशक तरुण होते. मोजणं बंद करा असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणाले, "मोजा. पण मोजून झालं की मला सांगा, तेव्हा काय आठवलं." तिसऱ्या गुरुवारी मी सांगितलं की मला बारावी आठवत नाही, मला झाडाला टेकलेली अकरावी आठवते. तिने माझ्याकडे बघत टेम्पोकडे हात केला होता. मी त्याचा अर्थ 'तिकडून आले' असा लावला. हे मी मॅडमना सांगितलं नव्हतं, सुमनला नाही, कुणालाच नाही. समुपदेशकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाले, "आता आपण कामाला लागलो."

गोळ्यांनी नवव्या दिवशी सलग झोप लागली. सकाळी उठल्यावर मला भूक लागली होती. एवढंच. पण ज्याची भूक गेली आहे त्याला कळेल.

घरात मात्र ताण वाढत होता. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता सुमन म्हणाली, "रफिकच्या बायकोला समदं गाव इचारतंय, कसं करतीस बाई एकटी. तिची नणंद येऊन ऱ्हायली, शेजारीण डबा देती. मला कोण इचारतंय? मी खोटं बोलू बोलू थकले. माझ्या सख्ख्या भावाला पित्त सांगितलं, त्यानं कोकम धाडून दिले दोन किलो."

तेव्हा कळलं, हेवा करणारा मी घरात एकटा नाही.

नियम चार

आता माझ्या चुकीबद्दल.

निधीत आम्ही एकवीस सभासद आहोत, ड्रायव्हर आणि गाडीवरचे डॉक्टर. नियम मी लिहिलेले आहेत. चौथा नियम असा: मदत मिळण्यासाठी दवाखान्यात भरती झालेलं असावं किंवा हाड मोडलेलं असावं, कागद जोडावा. मी लिहिला तेव्हा तो सगळ्यांना चोख वाटला होता. त्यात माझा आजार कुठेच बसत नव्हता. माझ्याच हाताने मी मला बाहेर ठेवलं होतं.

रफिकला दुसरा हप्ता सहा हजारांचा होता. जानेवारीच्या बैठकीत त्याचा कागद दुसऱ्या ड्रायव्हरने आणला. त्यावर डॉक्टरांची सही होती, शिक्का नव्हता. असे बिनशिक्क्याचे कागद मी पूर्वी तीनदा चालवून घेतले आहेत. त्या दिवशी म्हणालो, "शिक्का नाही. हप्ता थांबवा."

मॅडम म्हणाल्या, "नाना, पाय तर बघितलाय ना सगळ्यांनी."

"नियम म्हणजे नियम."

कुणी पुढे बोललं नाही, कारण माझ्या हिशोबावर कुणी बोट ठेवत नाही. अकरा वर्षांच्या सचोटीचा मी असा उपयोग केला. घरी जाताना मला बरं वाटत होतं. दोन दिवस छान भूक लागली. तिसऱ्या दिवशी समजलं की रफिकने घरभाड्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्या.

पहिला भेटणारा

त्या रविवारी आमच्या दारात रिक्षा थांबली. रफिक उतरला, दोन्ही काखांत कुबड्या, तोंडात कागद. सेलूहून वालूरपर्यंत असा आला होता. ओसरीवर बसून त्याने कागद माझ्यापुढे टाकला.

"घ्या. शिक्का. एक न्हाई, दोन मारून आणलेत. अजून पायजेत का?"

सुमन चहा ठेवायला आत गेली. मी कागदाकडे बघत राहिलो.

"नाना, मी तुमचं काय खाल्लं? तुमच्या पाळीचं पाणी मारताना पडलो, कुणाला बोललो का? एवढ्या जणांना गोष्ट सांगितली, त्यात तुमचं नाव कुठं घेतलं?"

घेतलं नव्हतं. चौसष्ट वेळा मी ती गोष्ट ऐकली होती आणि ही बाब माझ्या मोजणीतून सुटली होती.

"मला तुझ्या पायाचा हेवा वाटला," मी म्हणालो.

"काय?"

"हेवा. तुझ्या प्लास्टरचा. तुझ्या माणसांचा."

त्याने पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "याचा? आतमंदी इतकं खाजतंय नाना, की विणकामाची सुई घालून खाजवायलोय. घ्या की तुमी! आत्ता घ्या! मी तंगडी इथंच ठेवून जातो."

मी हसलो आणि मग हसणं बिघडलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस ओसरीवर रडत होता. सुमन चहा घेऊन आली ती तशीच दारात थांबली. मी सगळं सांगितलं: अकरा, बारा, झाडाला टेकलेली, गुरुवार, गोळ्या.

रफिकने कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाला, "तरीच. मी मनलं माणूस रोज येतो, बसतो, मुंडकी मोजतो अन् जातो. मला वाटलं निधीचं काहीतरी काम असंल." आणि मग रागाने, "मला सांगायला काय झालं व्हतं? मी दोन महिने खाटंवर रिकामाच व्हतो की!"

तो तीन तास बसला. सुमनने त्याला जेवू घातलं. जाताना तो तिला म्हणाला, "वैनी, लय बारीक झाल्यात तुमी. एकटीनं कसं केलं?" ती पदराने डोळे पुसत आत गेली, आणि त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन करून खरं सांगितलं.

रफिकचे सहा हजार मी दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिले. सगळ्यांसमोर थांबवले होते, म्हणून पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की शिक्क्याचं कारण खोटं होतं आणि खरं कारण काय होतं. जिल्ह्याच्या साहेबांनाही मीच जाऊन सांगितलं. स्टेअरिंग गेलं नाही. दोन महिने फक्त दिवसपाळी मिळाली, आणि गुरुवारची रजा अधिकृत झाली. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. माझं झालं ते असं.

त्याच बैठकीत रफिकने नियम चार बदलायला लावला. एकजण म्हणाला, "डोक्याला पैसे द्यायचे तर निधी आठ दिवसांत संपंल. इथं शाबूत कोण हाय?" सगळे खो खो हसले. मग हसता हसता एकेक गप्प झाला. मॅडम खाली बघत होत्या. ठराव झाला: मनाच्या आजारासाठी केसपेपर पुरेसा, तीन हजार रुपये, आणि दोन सभासदांनी घरी जाऊन भेटायचं. रफिकने मला मागच्या तारखेपासून द्या असं सुचवलं. मी नाही म्हणालो. खजिनदाराने स्वतःसाठी मागची तारीख लावायची नसते. रास्त वागलो, आणि त्या तीन हजारांचं मला आजही वाईट वाटतं.

मार्चमध्ये नव्या नियमाखाली पहिला अर्ज आला. केसपेपर नांदेडचा होता. नाव वाचून मी अर्ज दोनदा उलटसुलट केला.

सेलूला मॅडमची भाड्याची खोली आहे. रफिक काठी टेकत आणि मी, असे दोघं गेलो. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. पोह्यांचं मी स्वतःहून कबूल केलं. त्या म्हणाल्या, "ते पोहे मी नंतर ठाण्यामागे जाऊन ओकले होते, नाना. तुम्ही माझ्याकडे बघत होता म्हणून खाल्ले. वाटलं, मीच हातपाय गाळले तर तुम्ही गाडी कशी चालवाल."

मग खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "तुम्ही गुरुवारी परभणीला. मी शनिवारी नांदेडला. बाकी पाच दिवस एकाच गाडीत."

रफिक म्हणाला, "अन् दोघंबी मला मनत व्हते, पाय जप."

खरं सांगायचं तर तिथेही मला हेवा वाटला. त्यांना पहिल्याच अर्जाला दोन माणसं भेटायला आली. पण तो हेवा आधीइतका टोचला नाही, कारण त्या दोघांतला एक मी होतो.

दिनांक अकरा मार्च. दिले, रुपये तीन हजार फक्त. घेणार, डॉक्टर मॅडम. साक्षीदार, रफिक.